दारात मोजलेली गिऱ्हाइकं

ज्या माणसाला ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं की तो खरोखरच विचार करायला लागतो, त्याच्या शेजारी बसून नोकरी करू नये. मी केली. बंगळूरला, व्हाइटफील्डमधल्या एका ऑफिसात, खिडकीला पाठ करून, अशाच एका माणसाच्या टेबलाला टेबल लावून. आजही कुणी ‘बघू, अजून ठरलं नाही’ म्हटलं की मी मनातल्या मनात नवी नोकरी शोधायला लागते, इतका त्या माणसाचा परिणाम माझ्यावर झालेला आहे.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. बंगळूरात रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत कुणालाही अण्णा म्हणता येतं, पण हे आमच्यात खरोखरच वयानं वडील होते. बाकीचं ऑफिस त्यांच्या मुलांच्या वयाचं. गाव निपाणीकडचं. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि नोकरीत पदरात पडलेलं इंग्रजी, जे ते फक्त भांडताना वापरत. मी अमरावतीची. आमच्या दोघांच्या मराठीत इतकं अंतर होतं की पहिले काही दिवस मी नुसतं हसून वेळ मारून नेली. मला ते ‘तंगी’ म्हणत. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. ही बढती मला दुसऱ्याच दिवशी मिळाली, आणि तिचा उपयोग मुख्यतः माझ्यावर रागावण्यासाठी होत असे.

आमची कंपनी इंटरनेटवर साड्या विकायची. साड्या, ब्लाउजपीस आणि परकर. एकच वेबसाइट, पण तिची तीन दारं होती: इंग्रजी, कन्नड आणि मराठी. मराठीचं दार माझ्याकडे. त्याला आम्ही ‘मराठी दुकान’ म्हणायचो. साड्यांची वर्णनं मी लिहायची, फोटो मी निवडायचे, गिऱ्हाइकांचे फोन मी घ्यायचे. इंग्रजीत ज्या वस्तूला भलतंच नाजूक नाव होतं तिला मी सरळ परकर म्हटलं आणि सांगली, सोलापूर, लातूरकडच्या बायका बिनधास्त मागवायला लागल्या. निदान मला तरी तसं वाटत होतं.

वाटणं आणि असणं यातला फरक सांगणं हे अण्णांचं काम. दुकानात कोण आलं, कुठल्या दारानं आलं, काय बघितलं आणि अखेर काय घेतलं, हे सगळं आपोआप मोजलं जायचं आणि एका स्क्रीनवर आकडे उमटायचे. ती मोजणी अण्णांच्या ताब्यात होती. आकड्यांना ते आकडे म्हणत नसत. ते ‘बाई’ म्हणत. मीटिंगमध्ये उभं राहून, कमरेवर हात ठेवून, हिंदीत सांगायचे, ‘काल बायका कमी आल्या, त्यातल्या निम्म्या नुसत्या बघून गेल्या.’ एकदा एचआरची नवी मुलगी बसली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी अण्णांना बोलावणं आलं. परत आले ते धुसफुसत. ‘आता गिऱ्हाईक म्हणायचं म्हणं,’ त्यांनी मला सांगितलं. ‘बाईला बाई म्हटल्यावर राग याया लागलाय.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा बायकाच.

त्यांचं अजून एक वेड म्हणजे हिशोब दोन्ही बाजूंनी बरोबर हवा. ऑफिसच्या खाली उभ्यानं खायची एक दर्शिनी होती. तिथे बिलात चूक झाली की अण्णा गल्ल्यावर जाऊन भांडत. यात नवल नाही. पण चूक त्यांच्या फायद्याची असली तरी तितकंच भांडत. एका कॉफीचे पैसे लावायचे राहिले म्हणून त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाला इतकं फैलावर घेतलं की त्यानं वैतागून ‘सरी सर, बिडी’ म्हणजे ‘बरं साहेब, सोडा आता’ म्हणत हात जोडले. मागे रांग खोळंबलेली. मी लाजेनं चूर. अण्णा मात्र शांतपणे सुटे काढून मोजत होते.

आणि धीर देणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. ‘गुड मॉर्निंग’ला ते नुसतं ‘हूं’ म्हणत, कारण मॉर्निंग गुड आहे की नाही हे त्यांच्या लेखी अजून ठरायचं असे. माझ्यासारख्या बाईला, जिला गॅस बंद केलाय हे कुणीतरी दोनदा सांगावं लागतं, हा शेजार म्हणजे शिक्षाच होती.

तर अशा माणसाच्या हातात माझी नोकरी सापडली. म्हणजे झालं असं की माझ्या नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती. बेळ्ळंदूरच्या ज्या कंपनीत तो होता तिथे एका सकाळी त्याचं कार्ड दारावर चाललं नाही, आणि तेवढ्यावरच सगळं आटोपलं. घर माझ्या एकटीच्या पगारावर आलं, हे मी अण्णांना सांगितलंही होतं. आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं, ‘ये मराठी वाला रखना है क्या?’

साहेब तरुण, दिल्लीकडचे, माणूस वाईट नव्हता. पण स्क्रीनवर इंग्रजी दुकानाची विक्री डोंगराएवढी, कन्नडची बरी, आणि मराठीची तळाला एक रेघ. महिनाअखेरीला पैसे गुंतवणारे लोक येणार होते. त्याआधी तळाची रेघ पुसून टाकायची असं साहेबांच्या मनात होतं. दुकान बंद म्हणजे मी बंद. मीटिंग संपल्यावर मी अण्णांना विचारलं, ‘अण्णा, आकडे बरोबर आहेत ना?’

त्यांनी स्क्रीनवरची मराठीची रेघ पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाले, ‘आजपर्यंत कुणी चूक म्हटलेलं न्हाई.’

त्या रात्री मी गॅस बंद केलाय का हे चारदा बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज त्यांना तेच विचारायला लागले आणि ते रोज तसंच काहीतरी, ना धड हो ना धड नाही, उत्तर द्यायला लागले.

त्यानंतरच्या सोमवारी अण्णा अचानक खुर्चीवरून उठले आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडले, ‘माझी अक्का कुठाय?’

सगळ्यांची धावपळ उडाली. वॉचमन वर आला. त्यांची थोरली बहीण बंगळूरच्या गर्दीत हरवली असं आम्हाला वाटलं. एकानं तर पोलिसांचा नंबर लावायला फोन काढला. अण्णा स्क्रीनकडे बोट दाखवत होते. ‘हितं न्हाई. अक्का हितं न्हाई!’

प्रकार असा होता. त्यांच्या अक्कांनी निपाणीहून मराठी दुकानातून एक इरकली साडी मागवली होती. भावाच्या कंपनीत, पण भावाला न सांगता. साडी घरी पोचली, तेव्हा अक्कांनी फोन करून काठ आवडल्याचं सांगितलं. भावानं कौतुकानं स्क्रीनवर आपल्या बहिणीची खरेदी शोधायला घेतली, तर मागवल्याच्या दिवशी मराठी दुकानात ती साडी विकलीच गेलेली नव्हती. साडी अक्कांच्या अंगावर, आणि स्क्रीन म्हणतो अशी बाई आलीच नाही.

बाकीचे हसून आपापल्या जागेवर गेले. मी मात्र खुर्ची ओढून त्यांच्या स्क्रीनशी सरकले. अण्णांनी समोरच्या अगरबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्या विक्रीची एकूण बेरीज दिसते, तिथे चिकटपट्टीनं लावून टाकला.

‘हे काय करताय, अण्णा?’

‘ही बेरीज बँकेच्या बेरजेशी जवळजवळ जुळत्या. म्हणून कुणी आत बगितलंच न्हाई. मीबी न्हाई. आता ही बगायचीच न्हाई.’

बँकेत एकूण पैसे किती आले ते कळे, पण कुठल्या दारानं आले ते कळत नसे. ते फक्त हा स्क्रीन सांगायचा.

मग त्यांनी मला फोनला बसवलं. गिऱ्हाइकांना फोन करायचा आणि एकच विचारायचं: साडी निवडल्यावर तुम्ही पुढे काय काय केलंत? पहिल्याच फोनला मी विचारलं, ‘ताई, पैसे भरल्यावर तुम्ही परत आमच्या पानावर आला नाहीत, हो ना?’ अण्णांनी हात पुढे करून फोन कट केला.

‘तिच्या तोंडात घास घालालीस? ती काय केली ते ती सांगंल. तू गप ऐक.’

‘अण्णा, माझी नोकरी आहे ही!’ माझा आवाज चढला.

‘व्हय. म्हणूनच तुझ्यावर विश्वास न्हाई.’

मला रडूच आलं. पण पुन्हा फोन लावला आणि गप ऐकलं. सांगोल्याच्या एका बाईंनी जे सांगितलं तेच थोड्याफार फरकानं सगळ्यांनी सांगितलं. ‘साडी निवडली. मग यूपीआयनं पैसे पाठवले. गेले म्हणून आवाज झाला. मग फोन ठेवला आणि कुकर लावला.’

घोडं इथेच अडलं होतं. आमच्याकडे खरेदी पूर्ण झाली की एक आभाराचं पान उघडायचं, आणि ते पान उघडलं की एक विक्री झाली असं मोजलं जायचं. आधी बहुतेक लोक कार्डानं पैसे भरत आणि आपोआप त्या पानावर परत येत. मग बाहेरच्या एका कंपनीनं पैसे भरायची नवी सोय बसवून दिली. तिच्यात फोनवरून पैसे देणारी बाई पैशांच्या ॲपमध्ये जायची, पैसे द्यायची आणि तिथूनच निघून जायची. साडी तिला मिळायची, पैसे आम्हाला मिळायचे, पण आभाराचं पान उघडलंच नाही, म्हणून विक्री झालीच नाही. माझी बहुतेक गिऱ्हाइकं यूपीआयवाली.

‘म्हणजे माझ्या बायका आहेत!’ मी टाळीच वाजवली. ‘अण्णा, आता साहेबांना सांगूया ना?’

‘अजून ठरलं न्हाई,’ ते म्हणाले, आणि स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. ‘तंगी, तू ते आभाराचं पान लई चांगलं केलीस,’ ते म्हणाले. त्यांच्या तोंडून कौतुक ऐकल्यावर मी घाबरलेच.

त्या पानावर मी गिऱ्हाइकानं घेतलेल्या साडीचा मोठा फोटो टाकला होता आणि वर लिहिलं होतं, ‘निघाली हं तुमची साडी!’ खाली, तिन्ही दुकानांत असे तसं, पार्सल कुठे पोचलं तेही दिसे. ज्या बायका त्या पानापर्यंत पोचत, त्या ते पान पुन्हा पुन्हा उघडत. जावेला दाखवायला, नणंदेला दाखवायला, माहेरी पाठवायला. माहेरची माणसंही उघडत. आणि प्रत्येक उघडण्याला स्क्रीन म्हणायचा, अजून एक साडी विकली. एकेका साडीची चार-चारदा विक्री झालेली. खरेदीला ऑर्डरचा नंबर जोडलेला असता तर तोच नंबर दुसऱ्यांदा आला म्हणून सोडून देता आला असता. तो नंबरच जोडलेला नव्हता.

म्हणजे मोजणी दोन्हीकडून चुकत होती. आलेल्या बायका सुटत होत्या आणि न आलेल्या धरल्या जात होत्या. दोन्ही चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून बेरीज बँकेशी जुळल्यासारखी दिसत होती.

‘मग माझ्या दुकानाचं काय?’ मी विचारलं. ‘खऱ्या बायका जास्त की खोट्या?’

‘म्हाईत न्हाई.’

‘अंदाजे तरी?’

‘अंदाजानं चाललंवतं तेच बास झालं की.’

जीव टांगणीला लागणं काय असतं ते मला त्या आठवड्यात कळलं. आपण ज्या चुकीच्या मागे लागलो ती दुरुस्त झाली तर आपली रेघ वर जाईल की उरलीसुरलीही जाईल, हेच ठाऊक नव्हतं. एकदा वाटलं, अण्णांना सांगावं, राहू द्या. पण ते राहू देणाऱ्यातले नव्हते.

नवी मोजणी त्यांनी पानावरून काढून थेट पैसे जमा होतात तिथे नेली, प्रत्येक खरेदीला ऑर्डरचा नंबर आणि दार जोडून. पण मागच्या महिन्यांचं काय? ते आमच्या हातात नव्हतं. निदान चालू आठवड्याचं तरी डोळ्यानं बघायचं म्हणून ते होसकोटेला गोदामात निघाले, आणि मी मागे लागून त्यांच्याबरोबर गेले.

प्रत्येक पार्सलमध्ये आम्ही आभाराचं छोटं कार्ड घालत असू, गिऱ्हाइकाच्या भाषेतलं. कुठलं कार्ड घालायचं हे कळावं म्हणून पार्सलच्या चिठ्ठीवर भाषेचं एक अक्षर छापलेलं असे. ते अक्षर गोदामात छापलं जाई आणि पार्सलबरोबर निघून जाई. ऑफिसात त्याचा कुणी कधी विचार केला नव्हता. अण्णांनी केला. ते पॅकिंगच्या टेबलाशी उभे राहिले, आणि आठवडाभर रोज सकाळच्या बसनं जाऊन उभे राहिले. त्या पहिल्या दिवशी मी पटकन मराठी पार्सलं वेगळी करायला लागले, तर त्यांनी मला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं. ‘तू मोजू नको. तुझी नजर आशेची हाय.’

मी बसून राहिले. पंखे गरगरत होते, चिकटपट्टीचा चर्र आवाज येत होता, अण्णा एकेक पार्सल हातात घेऊन चिठ्ठी वाचत होते. माझ्या बाजूचा ढीग वाढतोय असं मला वाटायचं, मग इंग्रजीचं एक पोतं यायचं आणि वाटायचं, संपलं. परतताना बसमध्ये त्यांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि त्यातल्या निम्म्या मोजून माझ्या हातावर ठेवल्या.

महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये ते उभे राहिले, तेव्हा मी टेबलाखाली दोन्ही हात घट्ट धरून बसले होते. पुठ्ठा काढलेला होता. स्क्रीनवर गोदामातल्या त्या आठवड्याची जुन्या मोजणीची रेघ आणि नव्या मोजणीची रेघ शेजारी शेजारी. इंग्रजी दुकानाचा डोंगर चांगलाच खचला होता. तिथली गिऱ्हाइकं पार्सल कुठे पोचलं हे बघायला दिवसातून दहादा तेच पान उघडत होती. कन्नड थोडं वर सरकलं होतं. आणि मराठी दुकान जुन्या आकड्याच्या दुपटीवर जाऊन बसलं होतं. मी टेबलाखाली धरलेले हात सोडले.

साहेबांचा चेहरा उतरला. जाहिरातींचा सगळा पैसा इंग्रजी दुकानावर लागला होता, आणि गुंतवणाऱ्यांना ते यायच्या आधीच तो डोंगर मेलवर दाखवूनही झाला होता. ते म्हणाले, ‘मतलब उस पेमेंटवाली कंपनी ने गड़बड़ की.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. बाहेरची कंपनी, तिला बोल लावला की घरचं सगळं शाबूत राहतं. अण्णांनी तेवढ्यावर बसून घ्यायला हवं होतं.

‘नहीं सर,’ अण्णा म्हणाले. ‘उन्होंने बता के बदला था. गिनती मैंने बिठाई थी. गल्ले पे गिनना था, मैंने बाहर जाने के दरवाज़े पे गिना. नंबर भी मैंने नहीं जोड़ा.’

‘अण्णा, बैठो,’ साहेब हळूच म्हणाले. त्यांना खरंच वाचवायचं होतं.

‘बैठता हूँ. लेकिन वो मेरा है.’

गुंतवणाऱ्यांना चुकीचा डोंगर कुणी दाखवला याला कुणाचं तरी नाव लागणारच होतं. आता ते मिळालं. पुढच्याच आठवड्यात अण्णांना जायला सांगितलं गेलं. मराठी दुकान राहिलं.

शेवटच्या दिवशी मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. त्यांच्या हातात एकच पिशवी होती. ऊन उतरलं होतं, ऑफिसच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, आणि मी मनात जुळवलेली वाक्यं त्या हॉर्नच्या गोंगाटात पार विसरले. ‘अण्णा,’ एवढंच म्हणाले, ‘तुम्ही नसतात तर माझं दुकान बंद झालं असतं. थँक यू.’

‘थँक यू कशाला?’ ते वैतागून म्हणाले. ‘बंद करा म्हणून साहेबांना मीच सांगितलोवतो.’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक झाली नव्हती.

‘तळाचं दुकान हाय, उगं पगार चाललाय, बंद करा म्हणून मीच सांगितलो,’ ते म्हणाले. ‘आकडा बगून सांगितलो. आकडा माझाच.’

‘आणि मी रोज येऊन तुम्हालाच विचारत होते!’

‘व्हय.’

‘मला एका शब्दानं बोलला नाहीत!’

‘बोललो असतो तर तू फोन नीट केली असतीस काय?’

राग इतका आला होता की कान तापले होते. समोर हा माणूस माझ्यामुळे नोकरी घालवून उभा होता, आणि ह्याच माणसानं आधी माझी घालवायला काढली होती. माझ्या घरात काय चाललंय ते त्याला माहीत होतं. मी विचारलं, ‘आणि अक्कांनी साडी मागवलीच नसती तर?’

अण्णांनी विचार केला. नेहमीसारखा, खरोखरचा.

‘तर तू गेली असतीस,’ ते म्हणाले, ‘आणि मी ऱ्हायलो असतो.’

त्यांची बस आली. गर्दीत पिशवी छातीशी धरून ते चढले. मला त्यांना ओरडून काहीतरी कडू बोलायचं होतं आणि त्याच वेळी दंड धरून खाली ओढून घ्यायचं होतं, आणि यातलं काय आधी करावं हे ठरेपर्यंत दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दुकान उघडं होतं. मी कामावर गेले.